हेल्मीचा तिसावा तास

तिसाव्या तासाचा पगार म्हणाल तर एक मोठा पिझ्झा आला असता, तोही नुसत्या चीजचा. पण त्या तासापाठोपाठ हेल्मी हार्जूला विमा मिळणार होता, विम्यापाठोपाठ तिच्या नवऱ्याच्या काळजात नवी झडप बसणार होती, आणि झडपेपाठोपाठ नवरा पदरात पडणार होता. एका तासात अख्खा नवरा. मी शाळेच्या भोजनगृहात गल्ल्यावर बसते, भावातलं मला थोडंफार कळतं. इतका स्वस्त सौदा मी तोवर पाहिला नव्हता.

"माझा नवरा कुणी एका तासाला मागितला तर वर दहा मिनिटं मी फुकट देईन," डॉट म्हणाली आणि बटाट्याची परात माझ्याकडे सरकवली. "बोलत काय बसलीस बर्नी, सोल!"

डॉट ट्रेव्हॅरो म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचं तोंड. भाज्या, मांस, सूप तिच्याकडे. पाव हेल्मीकडे. बावीस वर्षं शाळेतल्या पोरांनी हेल्मीच्या हातचे बन खाल्ले होते. त्यांतली काही पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला येत आणि गाडीची काच खाली करून वास घेत. हेल्मी स्वतः बोलायची मोजून. फिनलंडहून आमच्या गावच्या खाणीत कामाला आलेल्यांची ती नात. त्या लोकांनी शब्द जहाजावरच विसरले असावेत.

त्या वर्षी नवा कायदा आला. आठवड्याला तीस तास काम करणाऱ्याला मालकाने विमा दिलाच पाहिजे. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल, आता मालक विमा देतील. शाळांचा कारभार पाहणाऱ्या एन्क्विस्ट साहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात आम्हा तिघींचे तास एकोणतीस करून टाकले. साहेब दुष्ट नव्हते. व्यायामशाळेचं छप्पर गळत होतं आणि बर्फ काढायचा ट्रक ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हता. त्यांनी वजाबाकी केली आणि ती आमच्यावर येऊन बसली.

डॉटला नवऱ्याच्या पेन्शनीतला विमा होता, मला दिवंगत नवऱ्याच्या. हेल्मीला मात्र कसलाच नव्हता. तिचा नवरा वेनो घरामागच्या शेडमध्ये लाकूड कापायच्या करवती आणि बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायचा. स्वतःचा धंदा म्हणजे स्वतःच मालक, आणि हा मालक नोकराला विमा देणाऱ्यांतला नव्हता. आधी एकदा काळीज कुरकुरल्यावर विमा कंपन्या त्याचं नाव ऐकताच फोन ठेवू लागल्या होत्या. नव्या कायद्याने त्यांना आता नाही म्हणता येणार नव्हतं. पण "हो" कितीला म्हणतील, हे विचारायला हार्जूंपैकी कुणी गेलं नाही.

आम्हीही गेलो नाही. आमच्या गावात विमा म्हणजे खाणीचा विमा. खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली, तरी नोकरीतून मिळतो तो विमा आणि सरकारकडून मिळते ती भीक, ही समजूत काही बंद पडली नाही. सरकार विम्याचा हप्ता भरायला मदत करतंय, असं रेडिओवर रोज सांगत होते. डॉट रेडिओ बंद करायची. "दुसऱ्याच्या पैशाने औषध घेणाऱ्यांतले आपण नाही."

तेव्हा आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. हेल्मीला सांगितलंही नाही.

"माझा अर्धा तास आणि बर्नीचा अर्धा तास हेल्मीला लावा," डॉट म्हणाली.

"तसं करता येत नाही, डॉट."

"कुठे लिहिलंय?"

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, जणू काही तिथे लिहिलेलं असावं. "एकूण तास तेवढेच राहतात," मी म्हटलं.

"तास राहतात, बर्नी. विमा एक वाढतो ना!"

"आणि पाववाली टिकते," डॉट म्हणाली. "हेल्मी पलीकडच्या गावच्या कारखान्यात गेली तर पोरांना दुकानातले बन वाढावे लागतील. खाऊन बघितलेत ते? भिंतीवर मारले तर झेल घ्यावा लागतो."

साहेब हसले आणि फसले. हेल्मीचे तीस तास झाले.

हेल्मीला हे साहेबांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दोघींच्या कोटाच्या खुंटीला वेलदोड्याच्या गोड पावाची एकेक गुंफलेली वेणी कागदात बांधून टांगलेली होती. तिच्या माणसांत यालाच भाषण म्हणतात.

जानेवारीत विमा सुरू झाला. हेल्मीच्या स्वतःच्या विम्याला शाळेने भरपूर हातभार लावला, कायद्यानेच तसं ठरवलं होतं. नवऱ्याचं नाव घालायचं तर घाला, पण त्याचे पैसे तुमचे तुम्ही. हे बारीक अक्षरांत नव्हतं, चांगलं ठळक होतं. आम्ही मात्र "विमा" हा शब्द वाचून थांबलो होतो. वेनोचे पैसे कापून हेल्मीच्या हातात जे उरायचं त्यात तिच्या जुन्या गाडीचं पेट्रोल निघायचं. वर डॉक्टरकडे गेलं की पहिले काही हजार डॉलर घरचेच.

हेल्मी रोजच्यासारखी पीठ मळत राहिली. पण मी गल्ल्यावरची बाई, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मार्चमध्ये ती रविवारी चर्चच्या दारात पाव विकायला बसू लागली. बावीस वर्षं जो पाव तिने वाटला, त्याला आता किंमत लागली होती.

"पैशाच्या मागे लागली बघ," डॉट मला म्हणाली. "विमा मिळाला, आता बंगला हवा असेल."

आणि वेनो? तो झडप बसवून घ्यायचं नावच काढेना. शेडपासून घरापर्यंतच्या चार पावलांत तो दोनदा थांबायचा आणि आकाशाकडे बघायचा, जणू हवामान तपासतोय. मी एकदा करवतीला धार लावून घ्यायला गेले होते.

"तारीख कधीची घेतलीस, वेनो?"

"बर्फ वितळू दे."

"बर्फाचा आणि काळजाचा काय संबंध?"

"दोन्ही थंड आहेत," तो म्हणाला आणि करवतीचे पैसे घेतले नाहीत.

एप्रिलमधल्या एका शनिवारी हेल्मीने आम्हाला संध्याकाळी सौनाला बोलावलं. तापल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि लाकडी फळीवर वाफेत बसायचं, हा त्या लोकांचा शनिवारचा नेम. तिथे अंगावर कपडे नसतात, म्हणून मोठेपणाही नसतो. तिथे भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, एवढे दोनच नियम. डॉटला पहिला नेहमीच जड जायचा.

"काय गं, पावाचा भाव वाढवणार म्हणतेस?" डॉटने बसता बसता टोमणा मारलाच. "गल्ला भरतोय वाटतं."

हेल्मीने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ चढली, खाली आली.

"वाचनालयात ती विम्याचे अर्ज भरून देणारी मुलगी बसते ना," हेल्मी म्हणाली, "तिच्याकडे गेले होते. म्हटलं, काही स्वस्त बसतंय का बघ."

"सरकारी?" डॉट म्हणाली.

"हो, सरकारी. ती म्हणाली, मावशी, शाळेने तुम्हाला विमा दिलाच नसता तर तुम्हा दोघांनाही सरकारची मदत मिळाली असती. आत्ता भरताय त्याच्या पाव हिश्शात दोघांचं भागलं असतं."

"मग घे की आता!"

"आता नाही मिळत. माझा एकटीचा विमा शाळेत स्वस्त आहे ना, म्हणून वेनोलाही स्वस्त मिळाला असं धरतात."

"पण त्याचा तर महाग आहे!"

"तो मोजत नाहीत."

डॉटने माझ्याकडे पाहिलं. "बर्नी, तू हिशेबातली. हे बरोबर आहे?"

मी मनात मांडून पाहिलं. दोनदा मांडलं. आकडा येत होता, शहाणपण येत नव्हतं. "बरोबर नाही," मी म्हटलं, "पण खरं असेल."

"म्हणजे एकोणतीस तासांवर ही सुखी होती," डॉट हळूच म्हणाली, "आणि आपण हिला तिसावा देऊन बुडवली."

हेल्मीने दगडांवर आणखी एक पळी पाणी टाकलं.

"कधी कळलं तुला हे?"

"फेब्रुवारीत."

"आणि आज सांगतेस? मध्ये मी तुला काय काय बोलले! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही दिलेला होता तो तास," हेल्मी म्हणाली. "परत कसा करायचा?"

सौनात भांडायचं नसतं, म्हणून डॉट बाहेर जाऊन उरल्यासुरल्या बर्फात उभी राहून भांडली. कुणाशी ते कळलं नाही. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, वाफेने.

सोमवारी आम्ही पुन्हा साहेबांसमोर. "तो तास परत घ्या," डॉट म्हणाली.

साहेब आधी हसले, मग आमचे चेहरे बघून हसायचे थांबले. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले. "एकदा पूर्णवेळ नोंद झाली की वर्षभर ती पूर्णवेळच," ते म्हणाले. "आज तास कमी केले तरी विमा मला चालूच ठेवावा लागेल. आणि माझा चालू आहे तोवर तिला सरकारचा नाही."

"द्यायचा नव्हता तेव्हा एक तास कापलात. आता नको म्हणतोय तर गळ्यात बांधताय!"

"डॉट, मी तुमच्या म्हणण्याप्रमाणेच केलं ना?"

डॉटने कोटाची बटणं उगाच लावायला घेतली.

"नोकरी सोडली तर?" मागून आवाज आला. हेल्मी दारात उभी होती, एप्रनला पीठ तसंच.

"नोकरी सोडली तर विमा संपतो," साहेब म्हणाले. "मग तिकडे अर्ज करता येईल. पण हेल्मी, पगार—"

"पगार येतो कुठे?" हेल्मी म्हणाली.

ती पंधरवड्याने गेली. केक नको, भाषण नको, असं तिने बजावलं होतं. डॉटने तरी केक आणला आणि तो बिघडला होता, त्यामुळे हेल्मीला शेवटच्या दिवशी हसू आलं. तिने कणीक मळायचं मोठं भांडं घासलं, पालथं घातलं आणि हात पुसत म्हणाली, "यीस्ट परवा संपेल. मागवू नका."

"तू वर्षाने परत ये," मी म्हटलं. "मग सगळं एकोणतीसवर."

ती "बघू" म्हणाली. तिला माझ्याआधी कळलं होतं. एन्क्विस्ट साहेबांनी तिची जागा भरलीच नाही. गोठवलेले बन खोक्यांतून येऊ लागले.

सरकारी विमा मेमध्ये सुरू झाला. मिळाल्यावर वेनो तीन दिवस कुणाशी बोलला नाही, म्हणजे नेहमीपेक्षा एक दिवस जास्त. "भीक नाही रे ती," डॉटने त्याला शेडमध्ये जाऊन सुनावलं, "तू कर भरलास ना इतकी वर्षं? मग तुझंच आहे. घे आणि गप झोप टेबलावर." ज्या बाईने वर्षभर रेडिओ बंद केला होता, तिचं हे बोलणं. जूनमध्ये झडप बसली.

आता हिशेब. झडपेचे बहुतेक पैसे सरकारने भरले. शाळेचा एक विमा आणि एक पगार वाचला, त्यातून छप्पर गळायचं थांबलं. डॉटचा आणि माझा अर्धा अर्धा तास आम्हाला परत मिळाला, त्यात आम्ही खोकी उघडतो. पोरं बन अर्धे टाकतात, ते मी गल्ल्यावरून बघते. वेनो आता जिना न थांबता चढतो. तो सांगत होता, हेल्मी अजून पहाटे चारलाच, शाळेचं पीठ मळायच्या वेळेला, उठते, बाह्या वर सारते आणि रिकाम्या ओट्यापाशी उभी राहते. तो तिला हाक मारत नाही. उजाडलं की ती बाह्या खाली करते.