माजघरामागची खोली

"भाऊ, तुमी लोकांची घरं काढता न्हवं कागदावर? मग मला एक काढून द्या."

दाराआडून आलेला आवाज ऐकून गंगाधर मेढेकरांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. आवाज नंदाबाईचा होता, अंबाजीच्या सुनेचा. कुरवंड्याच्या या घरी मेढेकर गेली वीसएक वर्षं येत होते. नंदाबाई इथं नांदायला आली त्यालाही सात-आठ वर्षं झाली होती, पण तिचा आवाज ते आज पहिल्यांदाच ऐकत होते. अंबाजी गोठ्याकडे गेला होता आणि सासू, झुंबरबाई, पाण्याला. तेवढी सवड साधून ती बोलली होती.

"कसलं घर काढू?"

"हेच. पन खिडकीचं."

"हे चांगलं घर आहे, नंदाबाई. असं घर आता सगळ्या मावळात मिळायचं नाही."

आत बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "माजघरामागं खोली हाय ना, बाळंतिनीची. तितं माजी दोन पोरं गेली. पयल्याच्या येळंला सुईनीला दिसलंच न्हाई. चिमनी काजळली, गळ्याला नाळ बसलीया ते तिला हाताला लागंस्तवर पोर निळं पडलं. दुसरं आट दीस होतं. शेगडीचा धूर कोंडायचा. खोकायचं नि गप व्हायचं." दाराच्या कडेवर तिची बोटं दिसली. "आता आखाडात दीस भरत्यात माजं. तितं न्हाई मी जानार."

अंगणात अंबाजीचं खाकरणं ऐकू आलं आणि दाराआडची सावली हलली. मेढेकरांनी पेला उचलला. चहा निवला होता.

ते आज आले होते वेगळ्याच कामाला. मुंबईचे प्राध्यापक पाळंदे दिवाळीनंतर कुरवंड्याला येणार होते, सोबत छायाचित्रकार आणि त्यांच्या संशोधन संस्थेची दोन मंडळी. तोवर घराला हात लावू नका, भिंत सारवाल तर तीही नेहमीच्याच मातीनं, असं अंबाजीला बजावून सांगायचं होतं. त्यांनी तसं सांगितलंही. अंबाजी खूश झाला. "म्हंजी मुंबईची मानसं आमचं खांब बगाया येनार म्हना की!" तो म्हणाला.

मेढेकर शिकले होते मुंबईच्या कलाशाळेत, इमारतींची रेखाटनं. वडील अचानक वारले, शिक्षण अर्धं टाकून लोणावळ्याला यावं लागलं आणि रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी धरावी लागली. रुळांखालच्या मोऱ्या, सिग्नलच्या केबिनी, खलाशी मजुरांच्या क्वार्टर्स. ते सगळं सहा दिवस शाईनं काढायचं. सातव्या दिवशी काय करायचं, हे एका धरणानं ठरवलं. लोणावळ्याच्या पलीकडे विजेसाठी पाणी अडवत होते त्या साली ते सहज बघायला गेले. पाणी चढायच्या आत गावकरी आपापल्या घरांचे खांब उपटून खांद्यावर घेऊन टेकडी चढत होते. वर्षभरानं मेढेकर पुन्हा तिथं गेले, तर तेच खांब नव्या जागी उभे होते, पण घरं ती नव्हती. गोठा घरातून बाहेर गेला होता. चूल दुसऱ्या कोपऱ्यात आली होती. एकानं ओसरीला कुडाची भिंत घालून पाहुण्यांची खोली केली होती. माणसं जागा बदलतात तेव्हा घर काय धरतं आणि काय सोडतं, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या मागे लागला तो लागलाच.

तेव्हापासून दर रविवारी बगलेत कागदांची गुंडाळी आणि खिशात मापाची फीत. उर्से, वराळे, कुरवंडे, मधल्या वाड्या. कुणाच्या छपरावर गवत जाऊन पत्रा आला, रेल्वेत लागलेल्या मुलानं घरात खुर्ची आणली तेव्हा ती कुठं ठेवली, हे ते टिपून घेत. कचेरीतली मंडळी चेष्टा करत, मेढेकर रविवारी देवाला जात नाहीत, दुसऱ्याच्या घराला जातात. पण मुंबईच्या एका इंग्रजी त्रैमासिकात त्यांचे लेख छापून येऊ लागले, आणि प्राध्यापक गोपाळकृष्ण पाळंदे यांनी ते वाचून त्यांना बोलावून घेतलं. पश्चिम घाटातल्या घरांवर संस्था मोठं पुस्तक काढणार होती. त्याचा गाभा अंबाजीचं घर. पुस्तकाचं काम सुरू झालं की मेढेकरांना संस्थेत अभ्यासकाची जागा मिळणार होती. पंचेचाळिशी उलटल्यावर मोऱ्यांपासून सुटका.

अंबाजीच्या घरावरचा लेख तर फारच नावाजला गेला होता. खांबांमधल्या पाच खणांचं घर, ऐनाच्या लाकडाचे खांब, सगळ्या खणांवरून गेलेलं, छप्पर पेलणारं एकच लांब आढं. घाटावरून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ केलेली. आणि मागची खोली टेकडीच्या दरडीत खोदून बसवलेली. बाळंतिणीसाठी ही सर्वांत उबदार जागा पूर्वजांनी किती विचारानं निवडली, असं मेढेकरांनी त्या लेखात लिहिलं होतं. पाळंद्यांना तो परिच्छेद विशेष आवडला होता. मेढेकर स्वतः त्या खोलीत कधी गेले नव्हते. परक्या पुरुषानं तिथं जायचा प्रश्नच नव्हता. मापं अंबाजीनं ओसरीवर बसून सांगितली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी बायकोला, वासंतीला, बरोबर घेतलं. ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. कुरवंड्याची चढण चढताना दोनदा बसली. झुंबरबाईनं तिला कुंकू लावलं आणि वासंती आत गेली. मेढेकर अंबाजीशी भाताच्या बियाण्याविषयी बोलत ओसरीवर बसले. बऱ्याच वेळानं वासंती बाहेर आली. परतीच्या वाटेवर निम्मा घाट ती पुढे पुढे चालत उतरली.

"काय पाहिलंस?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"काही दिसलंच नाही," ती म्हणाली. "भर दुपारी. नंदाबाईनं हात धरला म्हणून उभी राहिले." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "अहो, भिंतीला हात लावला तर ओली. तुम्ही उबदार लिहिलंत ना?"

मेढेकर भरभर घाट उतरू लागले.

मग ते रजा टाकून मुंबईला गेले. पाळंद्यांच्या टेबलावर घराचा नकाशा पसरलेलाच होता. मेढेकरांनी सगळं सांगितलं, कुणाला दोष न देता, कचेरीत अहवाल द्यावा तसं. पाळंद्यांनी मन लावून ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"मागच्या भिंतीला झरोका पाडता नाही का येणार?"

"मागे दरड आहे. तिथं झरोका पाडला तर माती आत येईल."

"मग बाळंतपणापुरतं माहेरी?"

"आईवडील नाहीत. भाऊ इथंच गिरणीत आहे, एका खोलीत सहा माणसं. लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यायला सासू तयार नाही, आणि विटाळ म्हणून घरातली दुसरी खोलीही ती देत नाही."

पाळंद्यांनी चष्मा काढून पुसला. "गंगाधरराव, घर शंभर वर्षं उभं आहे. आणखी एक पावसाळा काढेल. दिवाळीच्या आधी माणसं जमवणं मला शक्य नाही, आणि जे उभं नाही त्याचा अभ्यास कसा करायचा? तुम्ही त्यांना थोडं थांबवा. तुमचं ऐकतील ते."

"माणसं थांबतील," मेढेकर म्हणाले. "दिवस नाही थांबणार तिचे."

"विचार करा," पाळंदे म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आले. जिन्याशी हळूच म्हणाले, "जागेचं मी मंडळापुढे ठेवलंय. घर आहे तर जागा आहे, हे लक्षात असू द्या."

होळी झाल्यावर अंबाजीनं नथू सुताराला बोलावलं. नंदाबाईचा नवरा भिमाजी लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होता. तो रजा काढून आला होता आणि बापाशी आठ दिवस वाद घालून थकला होता. शेवटचे दोन खण उतरवून तिथं पूर्वेच्या तोंडाची खोली काढता येईल का, एवढंच बघायचं होतं. नथू वर चढला, आढ्यावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि खाली उतरला.

"आढं एकसंध हाय," तो म्हणाला. "दोन खण काडलं तर बाकीचं हुबं ऱ्हात न्हाई. पाडायचं तर समदं पाडा, न्हाईतर हात लावू नका."

भिमाजी जमिनीकडे बघत होता. दाराआड कुणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अंबाजी मेढेकरांकडे वळला. "पंत, तुमीच सांगा आता. माज्या आज्यानं बांदलेलं हाय. लोक दारावरनं जात्यात, कोनी मान वर करून बगत न्हाई. तुमीच एकले बगत आला. तुमी म्हनला ठेव, तर मी ठेवीन. पोरगं रुसंल, सून रडंल. पन ठेवीन मी."

त्या क्षणी मेढेकरांना काय काय आठवलं असेल ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. ते उठले. ओसरीच्या खांबापाशी गेले, परत आले. खांबाच्या तळाशी कोरलेली वेल त्यांनी इतक्यांदा काढली होती की डोळे मिटूनही काढता आली असती.

"पाडा, आबा," ते म्हणाले.

झुंबरबाई इतका वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली आपटलं. "तुमाला काय जातंय पाडा म्हनाया? बाळंतिनीला उजेडात ठेवा, वाऱ्यात ठेवा! आमची बाळंतपनं झाली न्हाईत जनू! पाच येळा निजले मी तितं."

"झुंबरबाई, किती जगली हो त्यातली?" हा प्रश्न मेढेकरांच्या ओठांपर्यंत आला होता. पण भिमाजी तिचा एकुलता एक होता, हे ते जाणून होते. त्यांनी तो गिळला.

आपलं काय जात होतं, तेही त्यांनी तिला सांगितलं नाही.

नव्या घराचा नकाशा त्यांनी दोन संध्याकाळींत काढला. जुने खांब वापरायचे ठरलं होतं, पण दरडीपासून घर पुढे ओढून घेतलं. मागून पाणी वाहून जायला चर. पूर्वेच्या कोपऱ्यात एक खोली आणि तिला खिडकी, लाकडी गजांची, माणूस आत उभा राहिला तर छातीपर्यंत येईल अशी. वासंती नकाशावर वाकून म्हणाली, "खाली घ्या. निजलेल्या बाईला आभाळ दिसलं पाहिजे." त्यांनी खोडून खिडकी वीतभर खाली घेतली.

घर उतरवलं त्या दिवशी ते मुद्दाम गेले नाहीत. कचेरीत एका मोरीचा नकाशा काढत बसले. संध्याकाळी भिमाजी कामावर आला तेव्हा सांगून गेला, आढं न तुटता उतरलं, आणि बाप दिवसभर जेवला नाही.

पाळंद्यांना त्यांनी दोन ओळींत कळवलं. पाळंद्यांचं उत्तर सभ्य होतं. पुस्तक काही वर्षांनी निघालं, चांगलं निघालं. त्यात कोकणातली घरं आहेत, नाशकाकडची आहेत. मावळचं एकही नाही. अभ्यासकाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मेढेकर रेल्वेतूनच निवृत्त झाले आणि पुढेही रविवारी गावोगाव जात राहिले. फक्त आता वासंती बरोबर असे. ती आत जाई, ते ओसरीवर बसत, आणि घरी आल्यावर दोघं मिळून नकाशा पुरा करत. त्यांच्या पुढच्या लेखांत माजघराच्या आतलं सगळं आहे. ते लेख त्रैमासिकानं छापले नाहीत. इमारतीपेक्षा संसाराविषयीच त्यात जास्त आहे, असं संपादकांचं म्हणणं पडलं.

पण हे सगळं नंतरचं.

त्या वर्षी श्रावणात पावसानं दोन दिवस उघडीप दिली तेव्हा मेढेकर कुरवंड्याला गेले. नव्या भिंतींची माती अजून काळसर होती. अंबाजी शेतावर होता. ओसरीवर झुंबरबाई तांदूळ पाखडत बसली होती. तिनं त्यांना पाहिलं, पण उठली नाही.

"काय झालं?"

"पोरगी." तिनं एक फटका मारून तूस उडवलं. "बरी हाय. दोगी बऱ्या हायत."

मेढेकर मान हलवून चराचं तोंड बघायला घराच्या पूर्वेच्या अंगाला गेले. चरातून पाणी नीट वाहत होतं. खिडकीवर मात्र आतून जाड गोधडी अडकवलेली होती, गजांना सुतळीनं बांधून, चारी बाजूंनी घट्ट.

"मीच लावलीया," ओसरीवरून झुंबरबाई म्हणाली. "वारा लागंल पोरीला."

"बरं," मेढेकर म्हणाले.

ते परत येऊन ओसरीच्या पूर्वेकडच्या पायरीवर बसले; तिथून ती खिडकी दिसत होती. आत मूल रडायला लागलं, चांगलं खणखणीत. मग रडणं थांबलं. थोड्या वेळानं सुतळी ओढल्याचा आवाज आला आणि गोधडीची एक बाजू आतून सुटली. ती खाली लोंबली आणि खिडकी अर्धी मोकळी झाली.

झुंबरबाईचे हात सुपावर थांबले. तिनं वळून तिकडे पाहिलं. उठायला म्हणून तिनं एक गुडघा टेकलाही. मग ती पुन्हा खाली बसली, सूप मांडीवर ओढलं आणि तांदूळ पाखडू लागली.