चित्रात सरळ झालेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, बागेचा. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये तुंगाबाईंच्या घरापुढे, दोन दगडी खांबांच्या मध्ये मी एकोणचाळीस वर्षे उभा आहे. घरातले मला गेट म्हणतात. मी ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. तो माझा स्वभाव नाही, नोकरी आहे. येणारा प्रत्येक जण बागेतली तुळस खायलाच आला आहे असे धरून मला चालावे लागते. पाहुणे याला अपमान समजतात. समोरच्या वादिराजांची गाय मात्र समजत नाही. तिला तिचा हेतू ठाऊक आहे.

माझे लाकूड बेट्टदपूरकडच्या फणसाचे. घडवले ते येलवालच्या एका सुताराने. तुंगाबाईंचे यजमान जगन्नाथराव शाळेत गणित शिकवत. त्यांनी पट्टी घेऊन कागदावर एक चौकोन काढून दिला आणि मी अगदी तसा चौकोन झालो. माझा तो सरळपणा सहा वर्षे टिकला. मग कुंपणातल्या सोनचाफ्याचे मूळ वाढले आणि त्याने डावा खांब पायाशी आत ढकलला. मी अडकू लागलो. खांब उपटायचा तर कुंपण मोडायचे, आणि सोनचाफा तोडायचा तर देवाला फुले कुठून आणायची? उरलो मी. सुताराने मला डाव्या कडेला पायाशी तासले. मूळ वाढत गेले, दर दोन-तीन वर्षांनी सुतार येत गेला. आज मी वर रुंद आणि पायाशी चार बोटे अरुंद आहे. शेजाऱ्याशी जमवून घेणे म्हणजे काय, ते मला विचारा.

पण माझा मान होता. या घरात तुळशीचे पान ठेवल्याशिवाय नैवेद्य होत नाही आणि नैवेद्य झाल्याशिवाय कुणी जेवत नाही. म्हणजे साऱ्या घराचे जेवण माझ्या भरवशावर. "आमचं गेट आहे म्हणून तुळस आहे," असे जगन्नाथराव चारचौघांत सांगत. दर दसऱ्याला ते मला हिरवा रंग देत. ते गेले, तेव्हापासून रंगही गेला. फळ्यांच्या खालच्या टोकांत पाणी मुरू लागले. येणारे-जाणारे मला हाताने न ढकलता बुटाने ढकलू लागले.

अशात एका रविवारी सकाळी अन्विता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही तुंगाबाईंची नात, त्यांच्या मुलाची, गुरुराजांची मुलगी, कॉलेजात डिझाइन शिकते. तिने मोबाइलवर माझा फोटो काढला. मी सावध झालो. जगन्नाथरावांचाही एकदा असाच चांगला फोटो काढला होता, आणि चारच महिन्यांनी त्याला हार घातला.

अन्विता पायरीवर बसली. मांडीवर पाटीसारखा टॅब्लेट, हातात शाई नसलेले पेन.

"काय करायलीस गं?" तुंगाबाईंनी विचारले.

"गेटचं ड्रॉइंग, अज्जी. रस्टिक लुक द्यायचाय."

"म्हणजे काय?"

"जुनाट, खेडवळ दिसतं ना, तसं."

"ते आहेच की जुनाट."

"अय्यो अज्जी, आहे ते चालत नाही. आणावं लागतं."

ते तिने कसे आणले, हे मी डोळ्यांत तेल घालून पाहिले. तिने एक फळी काढली आणि तिच्या पाच नकला करून शेजारी लावल्या. आम्ही सहा फळ्या एकाच झाडाच्या, पण एकीचा डाग दुसरीला नाही. तिथे सहाजणी जुळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. मग तिने भेगांचा ब्रश घेतला. होय, नुसत्या भेगा पाडणारा ब्रश असतो. त्यानंतर गंजलेले खिळे. त्यानंतर शेवाळ. मला शेवाळ नाही, कधीच नव्हते. माझ्यात नसलेले दोष ही मुलगी इतक्या मन लावून का काढते आहे? एखाद्याला कामावरून काढायचे असले की आधी असाच कागद तयार करतात.

मग तिने फोटोकडे पाहून मान तिरकी केली. "खाली निमुळतं का दिसतंय? फोटोच तिरका आलाय," ती पुटपुटली आणि कुठेतरी बोट टेकवले. चित्रातला मी क्षणात सरळ चौकोन झालो. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, बरे वाटले. इतक्या वर्षांनी मी स्वतःला ताठ पाहत होतो. संशयी माणसाला फसवायचे तर असेच, त्याची स्तुती करून.

तेवढ्यात गुरुराज बाहेर आले. "झालं का ड्रॉइंग? कारखान्यात पाठवतो. लोखंडी पत्र्यात असंच्या असं कापून देतात. वर लाकडाचा रंग. भेगासुद्धा येतील बघ."

"मग हे?" अन्विताने माझ्याकडे पाहिले.

"हे न्हाणीतल्या हंड्याखाली. फणसाचं लाकूड, मस्त पेटेल."

अन्विताचे पेन थांबले. "बाबा, मला वाटलं मी सुम्मने, नुसतं चित्र काढतेय."

"मग चित्रच तर काढलंस."

म्हणजे जुना झालो म्हणून मला काढणार आणि जुना दिसावा म्हणून नवा बसवणार. मी ही गोष्ट मनाशी तीनदा म्हणून पाहिली. तिन्ही वेळा ती तशीच राहिली.

गुरुराजांनी टेप आणली. कंबर धरते म्हणून रुंदी फक्त वरची घेतली. चित्रात खाली-वर सारखेच होते, मग वाकायचे कशाला?

पंधरा दिवसांनी नंजनगूडच्या रस्त्यावरून टेम्पोतून नवा दरवाजा आला. मला बिजागऱ्यांवरून उतरवून न्हाणीमागे टाकले. शेजारी कोयता होता. त्याची धार माझ्याकडे होती. नवा दरवाजा मोठ्या दिमाखात फिरला आणि वीतभर आधीच डाव्या खांबाच्या पायाला थडकून उभा राहिला. त्यांनी जोर लावला. खांब आणि सोनचाफा दोघेही हलले नाहीत.

"ड्रॉइंगप्रमाणे बरोबर आहे सर," बसवणारे म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

गुरुराजांनी तो दरवाजा सुतळीने बांधला. दुसऱ्या दिवशी द्वादशी होती. आदल्या दिवशीचा एकादशीचा उपास साऱ्यांच्या पोटात होता. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून आधीच तोडून ठेवलेली परडी बागेतल्या कट्ट्यावर होती. गाईने पहाटे आधी सुतळी खाल्ली, मग परडीतली तुळस, मग वाफा.

"गुरू, एक मंजिरीसुद्धा ठेवली नाही रे तिनं!" न्हाणीमागे मला तुंगाबाईंचा आवाज ऐकू आला.

"मग आता पारणं?"

"कसलं पारणं? तुळस नाही तर नैवेद्य नाही."

"आई, कालपासून पोटात काही नाही."

"गाईच्या पोटात आहे की. तिला विचार."

शेवटी वादिराजांनीच आपल्या परडीतली पाच पाने आणून दिली. गाय त्यांचीच, त्यामुळे पाने देऊन ते लगेच परतले. पण तुंगाबाई पाने मुठीत धरून दारातच उभ्या राहिल्या. "जेवायचं मागनं. आधी ते जुनं आणून बसव."

उपाशी गुरुराज आणि अन्विता यांनी मला उचलून आणले. नवा उतरला, मी चढलो. मला ढकलले आणि मी खांबाला वरपासून खालपर्यंत चिकटून बंद झालो. अन्विता गुडघ्यांवर बसली. माझ्या पायाशी तिने बोटे लावून पाहिली. एक, दोन, तीन, चार.

"अय्यो! फोटो तिरका नव्हताच. गेटच असं आहे."

"खांब तसा, म्हणून ते असं," तुंगाबाई म्हणाल्या. "तुला सरळ करायला कुणी सांगितलं होतं?"

तुम्हाला वाटेल, मी जिंकलो. मला तसे वाटत नाही. नवा दरवाजा कारखान्यात परत गेला आहे. नीट मापाचे चित्र पाठवले की खालून कापून देणार आहेत. अन्विता रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसते. आता फोटो नाही, हाताने चाचपते आणि काढते. सहाही फळ्या वेगवेगळ्या आल्या, पायाशी चार बोटे आली, शेवाळ पुसले गेले. चित्र जितके माझ्यासारखे होत जाते, तितका हंडा जवळ येतो. माझी झोप उडाली आहे.

"झालं का गं?" गुरुराज रोज विचारतात.

"स्वल्प राहिलंय, बाबा."

मित्रांनो, मी पाहतो आहे. काही राहिलेले नाही. ते चित्र होऊन आज अकरा दिवस झाले. ती येते, एक रेघ काढते, तीच पुसते, आणि आत जाण्यापूर्वी माझ्या फळ्यांच्या खालच्या टोकांना जुन्या फडक्याने तेल लावते. या मुलीच्या मनात नक्की काय आहे, याचा मला दाट संशय आहे. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तो कुणाला बोलून दाखवलेला नाही. तुमच्या घरीही असे कुणी वाकडे, जुने उभे असेल. त्याचे चित्र जरूर काढा, फक्त पूर्ण करायची घाई करू नका. आणि गुरुराज भेटलेच, तर तुम्हाला काही ठाऊक नाही.