पाकिटावरचा वराह

मी एक जुनं टपाल तिकीट आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. माझ्यावर एका प्राचीन शिल्पाचं चित्र आहे : बुडालेली पृथ्वी पाण्यातून वर काढणारा वराह.

जळगावात पिंप्राळ्याच्या प्रमिलाबाईंनी मला विकत घेतलं, पण वापरलं नाही. "देवाला थुंकी लावू? वरून काळा ठप्पा बसू देऊ?" म्हणत त्यांनी मला देवघरातल्या पोथीत ठेवलं. रोज नमस्कार मिळे. पण तिकिटाचा जन्म प्रवासासाठी असतो. पोथी मिटली की नुसता अंधार आणि कापराचा वास. अशी अकरा वर्षं गेली.

प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ उखर्डू साक्रीकडच्या खेड्यात राहतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून दोघांचं बिनसलं. तो फोन उचलेना. बहिणीचं पत्र त्यानं न वाचताच फाडलं, असं भावजयीकडून कळलं. तीन वर्षं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरचं बोलावणं नाही.

यंदा प्रमिलाबाईंनी पुन्हा लिहिलं. एकच ओळ : 'आखाजीला येऊ का?' मग पोथी उघडली.

"आई, हे डुकराच्या तोंडाचं लावता?" सूनबाई सारिका हसली.

"गप गं! वराह अवतार आहे तो. माझं अक्षर बघून फाडेल, देवाला बघून नाही फाडणार."

तुळशीचं पाणी बोटावर घेऊन त्यांनी मला चिकटवलं. टपाल कचेरीत ठप्पा बसला तेव्हा दुखलं, पण पहिल्यांदाच मोकळं वाटलं.

उखर्डूनं अक्षर ओळखलं. बोटं पाकिटाच्या कडेला गेली आणि थबकली.

"उघाडा ना, वाचा तरी," त्याची बायको भिकुबाई म्हणाली.

"देव शे वर. फाडू कसा? देवघरमा ठेव."

तेव्हापासून मी इथेच आहे. रोज हळदकुंकू वाहतात. काल अंगणातल्या निंबाला आखाजीचा झोका बांधला. लहानपणी प्रमिलाअक्काचा झोका सगळ्यांत उंच जायचा, असं उखर्डू नातीला सांगत होता. मला सगळं ऐकू येत होतं.

माझ्यावरच्या वराहानं अख्खी पृथ्वी वर काढली. मला माझ्या पाठीमागची एक ओळ बाहेर काढता येत नाही.

मित्रांनो, देवाला खुशाल हात जोडा. पण आधी पाकीट उघडा. आखाजी परवावर आली आहे.