संध्याकाळी मला वाजवू नका

रडणारं बाळ एकदम गप्प झालं, की ते झोपायला आलं, असं तुम्हालाही वाटतं का? वाटत असेल तर जरा बसा. मी खुळखुळा बोलतोय, आणि आज मी गोड बोलणार नाही.

माझा जन्म एका कातारीबुवांच्या लेथवर झाला. लाकडाचा ठोकळा फिरवून त्यांनी माझं डोकं वाटोळं केलं, दांडा इवल्याशा मुठीत मावेल इतका बारीक केला आणि पोटात अकरा खडे भरले. बारा भरले तर आवाज कोंडतो, आणि दहा भरले तर दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा येतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी मला वाजवून पाहिलं. दुकानात एक बाई मांडीवर पेंगणारं पोर घेऊन बसली होती. ते टक्क जागं झालं. बुवा खूश होऊन म्हणाले, "जमला."

ऐकलंत ना? पोर जागं झालं म्हणून मी जमलो. झोपवणं हे माझं काम कधीच नव्हतं.

मला विकत घेतलं एका गॅरेजातल्या मेकॅनिकने, त्याला मुलगी झाली त्या दिवशी. हातात घेण्याआधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले, हे मला आवडलं होतं. मुलीची आई शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. पोरीचे काळे डोळे बघून आजी म्हणाली, "ही तर दोन बटणंच." तेव्हापासून तिचं नाव बटण.

बटणबरोबरच्या माझ्या सकाळी सुखाच्या होत्या. दोन महिन्यांची असताना ती नुसती माझ्याकडे बघायची. चौथ्या महिन्यात तिने मला पकडलं. पाचव्यात माझं डोकं चोखून चोखून गुळगुळीत केलं. स्वतःच मला हलवायची, आवाज आला की दचकायची, आणि पुन्हा हलवायची. माझी तक्रार सकाळची नाहीच. संध्याकाळची आहे.

आईने तीन आठवडे खपून तिच्या झोपेची घडी बसवली होती. सात वाजता कोमट पाण्याने अंग पुसायचं, मऊ सुती झबलं घालायचं, पाजायचं. पडदा ओढून छोटा दिवा लावायचा. डोळे मिटायला लागले, पण मिटले नाहीत, अशा वेळी पाळण्यात उताणं ठेवायचं आणि पोटावर हलकेच हात. तोंडाने "हं… हं…", शिवणयंत्राच्या ठेक्यात. बस. बटण जराशी कुरकुरायची, अंगठा शोधायची, तो तोंडात गेला की पापण्या खाली.

आणि नेमकी हीच वेळ बाबाची घरी यायची.

"कुठे गेलं माझं बटण?" दारातूनच आरोळी. बटण दचकून रडायची, आणि हा खिळ्यावरून मला ओढायचा.

"अहो, झोपत होती ती."

"झोपतेय कसली, रडतेय. थांब, मी गप्प करतो."

मग तिच्या नाकापुढे खुळखुळ खुळखुळ. बटण गप्प. डोळे वाटीएवढे.

"बघ. झाली की नाही गप्प?"

अरे, भरधाव ट्रक अंगावर आला तर तूही गप्प होशील! त्याला झोप म्हणतात का? तिच्या मुठी आवळलेल्या, पाय ताठ, श्वास अडकलेला. कुणी बघतच नव्हतं. दोन मिनिटांनी ती दुप्पट रडायची, की हा मला चौपट वाजवायचा. तास दीड तास हा तमाशा. शेवटी पोर आईच्या खांद्यावर रडून रडून गळून पडायची.

मग आजीची टीप: "आईशिवाय टिकत नाही पोर. आणि ही निघाली कारखान्यात."

सगळ्यात जास्त राग मला याचा यायचा. आईला दुपारची पाळी मिळाली होती, एक ते नऊ. मुकादमबाईंनी तिचं मशीन अडवून ठेवलं होतं, पण फक्त शनिवार सकाळपर्यंत. तोवर सांगितलं नाही, तर मशीन दुसरीला. दुपारभर आजी सांभाळणार होती. प्रश्न साडेसातच्या झोपेचा होता. बटण बाबाकडे झोपली तर आईचं काम राहणार, नाहीतर सुटणार. आणि बाबा रोज माझ्या अकरा खड्यांनी ते काम घालवत होता, आणि त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

तो वाईट नाही. सकाळी निघतो तेव्हा बटण झोपलेली, दिवसभर हा गाड्यांखाली उताणा. पोरीचे उघडे डोळे एकदा बघावेत असं त्याला वाटतं, ते मला कळतं. पण लाड याचे, झोप तिची मोडायची आणि बोल आईला. हा कुठला न्याय?

शुक्रवारी तेच झालं. आरोळी, रडणं, मी. या वेळी मात्र आईने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. आवाज चढवला नाही.

"एक सांगा. तापून आलेल्या गाडीचं रेडिएटर लगेच उघडता का?"

"वेडी आहेस का? वाफ तोंडावर येते."

"मग काय करता?"

"बाजूला लावतो. निवू देतो."

"निववायला काय वाजवता?"

त्याने दोन्ही हात पँटला पुसले.

"पोटावर हात ठेवा आणि बसा. मी बाहेर आहे."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. माझं डोकं तिने मुठीत असं आवळलं होतं की एक खडा हलला नाही. आत बटणने घर डोक्यावर घेतलं होतं. आजी दारात आली.

"पोर रडतंय, आणि तू इथे बसलीस?"

"तिचे बाबा आहेत आत."

"त्याला काय जमतंय?"

"आज कळेल."

आई दोनदा उठली, दोनदा बसली. मग एकदम रडणं थांबलं. आम्ही दोघांनी कान टवकारले. हे कुठलं गप्प? पुन्हा रडणं, जरा बारीक. त्याच्याखाली एक घरघर, गाडी न्यूट्रलवर ठेवल्यासारखी. बाबा गुणगुणत होता, कुठल्याच सुरात नव्हता. मग एक हुंदका. मग एक लांब सुस्कारा. मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने तो अनवाणी बाहेर आला.

"अंगठा तोंडात घेऊन झोपली," तो कुजबुजला. "मी काही केलं नाही गं. नुसता बसलो." मग म्हणाला, "तू रोज इतका वेळ नुसती बसतेस?"

"हो."

"कठीण आहे."

आजी आत जाऊन बघून आली. आल्यावर तिने स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला. मग तिची नजर माझ्यावर पडली. "हा मेला खुळखुळाच वाईट. याच्यापायी झालं सगळं." आणि तिने मला शिवणयंत्राच्या खणात, रिळांमध्ये कोंबलं.

वाजवणारे हात चांगले, मीच तेवढा वाईट! मी अजून त्याच खणात आहे, आणि माझा राग तसाच आहे. पण बटणवर नाही. तिच्यासाठी तुम्हाला सांगतो: तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला उजेडात खुशाल वाजवा, तो दमणार नाही. दिवेलागणीला त्याला बाजूला ठेवा, हात मोकळा करा आणि बाळाजवळ बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कारखान्यात गेली आणि सोमवारपासून दुपारच्या पाळीला येते, असं मुकादमबाईंना सांगून आली.