दुसरं कार्ड

दुपारी चारला एका अनोळखी माणसाने दुकानाच्या दारात सुईत दोरा ओवणाऱ्या शिंपिणीचा फोटो काढला. मारकुट्या नवऱ्यापासून लपून ती थोरल्या बहिणीच्या या दुकानात राहत होती.

"कुणाला विचारून काढलात?"

"रस्त्यावर कसलं विचारायचं, ताई? उजेड छान पडला होता." तरी त्याने तिच्यासमोर फोटो पुसला.

बहीण पूर्वी फोटो स्टुडिओत होती. ती म्हणाली, "थांबा. या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात, फोटो दोन्हींवर उतरतो. दुसरं दाखवा."

"एवढा अविश्वास?"

"विश्वास ठेवून एकदा लग्न केलंय मी," शिंपीण म्हणाली.

त्याने पाठ वळवून झाकण उघडलं, मग कॅमेरा पुढे केला. दुसरी खाच रिकामी होती. बसमध्ये चढेपर्यंत त्याचा डावा हात खिशातून निघाला नाही.