बंगल्यातला क्षीरसागर

"चपला भाईर काढा! रेटू नका! सगळ्यांला दर्शन हाय!"

धुळाजी आमच्या चेअरमनच्या बंगल्याच्या पायरीवर हुबा राहून वरडत व्हता, पण माणूस हटायला तयार न्हाई. घाटनांदूरकडून जीपा भरून आलत्या. नेकनूरची एक बाई एसट्या बदलत बदलत आलती. बाळंतिणी, म्हातारे, काठी टेकीत आलेले आंधळे. भाईर ऊन असं की डांबर चपलंला चिकटायचं. आन् आत, थंडगार हॉलात, निळ्या उजेडात, काचंच्या पेटीत समुद्र.

खराखुरा खारा समुद्र, बरं का. आमच्या बीड जिल्ह्यात. ज्या साली मांजरा धरणाच्या पोटात पोरं क्रिकेट खेळली, त्या साली.

पेटीत रंगीत मासे, आन् तळाला दगड. सकाळी दिवे लागले की त्या दगडावर बारीक बारीक फुलं उमलायची, दिवे गेले की मिटायची. पेटीच्या शेजारी मृगाजिनावर सागरनाथ महाराज. दाढी काळीभोर, अंगाला अत्तर, आन् म्होरं काचंची मोठी बरणी. बरणीत समुद्राचं पाणी, एकदम नितळ. महाराज भक्ताच्या हातात पितळंचा तांब्या द्यायचा. त्यातलं तीर्थ बी नितळ. भक्तानं ते बरणीत वतलं की आत पांढरं धुकं उठायचं आन् बघता बघता बरणीभर दूध!

"क्षीरसागर! क्षीरसागर!" बाया कपाळं टेकवायच्या.

"बालकांनो," महाराज डोळे अर्धे मिटून म्हनायचा, "मंथन करता करता देव दमले, दानव दमले. आमी तुमच्यासाठी सागराला घरी आणला. ज्याचा हात पवित्र, त्याला सागर दूध देतो. ज्याच्या हाताला पातक, त्याला पाणी बी देत न्हाई."

देवांला मंथनाला आख्खा डोंगर लागला व्हता म्हनं. ह्या गड्याला तांब्या पुरायचा.

मी सटवा. दूध सोसायटीची गाडी चालवायचो. माझे हात काय जोडले गेले न्हाईत. कावून म्हनाल, तर ती पेटी लातूरच्या स्टेशनावरून मीच गाडीत घालून आणलती. आमचे चेअरमन मोहनराव, सोसायटीच्या पैशानं परदेशातला दूधधंदा बघायला गेलते. तिकडं हाटेलात असली पेटी बघितली. माणसानं तिकडून चांगली वैरण आणावी, वळू आणावा. ह्यांनी डोक्यात पेटी आणली. मंग मुंबैचा मेकॅनिक आला, मिठाच्या गोण्या आल्या, आन् हॉलात समुद्र झाला.

राखायचा कुणी? धाकटी सून जयमाला. अंबाजोगाईच्या कॉलेजात रसायन शिकलेली पोरगी. लगीन झालं आन् शिकलेलं सगळं पेटीच्या वाट्याला आलं. रोज काचंच्या नळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची, रंग बघायची. मीठ किती, चुना किती, सोडा किती. एक बी खाली-वर झालं की ती फुलं मिटून बसायची.

आन् त्या समुद्राला आपलं बोअरचं पाणी चालत न्हाई. सोसायटीच्या फिल्टरचंच पाहिजे. रोज वाफ होऊन जाईल तेवढं वर घालायचं. फिल्टरमधून एक घागर चोख पाणी निघायचं तर दोन-तीन घागरी गटारीत जायच्या. इकडं गाव टँकरमागं पळायचं.

हे समद्यांला दिसत व्हतं. बोलली एकटी कडूबाई. ल्योक-सुना ऊसतोडीला गेलेल्या, घरी ही म्हातारी, नातवंडं आन् एक म्हैस. वार्षिक सभंत पदर खोचून हुबी राह्यली.

"चेअरमनसाहेब, माझी म्हैस तहानंनं जीभ काढती, आन् तुमचे मासे फिल्टरचं पितेत. हे कुठल्या ठरावात बसतंय?"

सभा अशी हासली की मोहनरावांच्या हातातला चहा सांडला.

पंधरवड्यात महाराज बंगल्यावर हाजर! समजलं का? माशांच्या पाण्याचा हिशोब इचारता येतो. देवाच्या पाण्याचा कोण इचारणार?

महाराजानं एकेका सभासदाला तांब्या दिला. समद्यांचं दूध झालं. कडूबाईनं वतलं, पाणी ते पाणीच राह्यलं. महाराजानं डोळे उघडले.

"पातक! हा हात गावाच्या पाण्याला लागला म्हणून पाऊस रुसला!"

झालं. त्याच सांजंला कमिटी बसली. टँकर सोसायटीच्या टाकीत रिकामा व्हायचा, त्या टाकीच्या तोटीला कडूबाईनं हात लावायचा न्हाई. शेजारच्या सुंदरबाईनं तिच्या हातची घागर वडून फेकून दिली. काल-परवापतूर एकमेकींच्या चुलीवर भाकरी भाजणाऱ्या बाया ह्या.

मला राग कशाचा आला सांगू? धुळाजी आमचा सोसायटीत दूध तपासायला. कडूबाईच्या दुधाची डिग्री एका दांडीनं कमी आली तरी कॅन वापस करायचा. हुंगायचा, चाखायचा, नासतंय का बघायचा. आन् देवाच्या दुधात ह्या गड्यानं बोट सुदीक बुडवलं न्हाई.

"कावून बे धुळाजी," मी म्हनलो, "ह्या दुधाची फॅट किती लागली?"

"सटवा, जीभ झडल तुझी!"

"झडू दे. पण फॅट सांग."

कडूबाई काय रडत बसली न्हाई. लांबच्या खाणीतल्या डबक्यातून पाणी आणाया लागली, हिरवंगार. ते पिऊन धाकटी नात जुलाबानं पार मऊ पडली. मी दुधाच्या गाडीत दोघींला घातलं आन् अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं निघालो. बंगल्यापशी जयमालानं हात केला.

"सटवामामा, मला बी न्या. पेटीच्या औषधाच्या बाटल्या संपल्यात."

आत बसली आन् पोरीकडं बघून तिचा चेहराच उतरला. "काय झालं हिला, आत्या?"

"तुमच्या समुद्राला इचार," कडूबाई म्हनली. "माझ्या हाताला पाप हाय, म्हनून ही डबकं पिती."

जयमालानं पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला. मंग म्हनली, "आत्या, तुमच्या हाताला काय बी झालेलं न्हाई. सोमवारी तुमचं शुद्धीकरण ठेवलंय ना? महाराज देतील तो तांब्या घेऊ नका. मामंजींच्या हातातला घ्या."

"तुला ठाव हाय आन् तू गप हायस?"

"माझ्या बाटल्या कुठं जातेत तेच आधी कळंना. बरणीतलं पांढरं बघून आता कळलं. पण मामंजींपुढं बोलायचं म्हंजे..."

"त्यांच्यापुढं न्हाई, तर मंग कुणापुढं बोलशील?" कडूबाईनं नातीचं डोकं मांडीवर सावरलं. "ही तर ऐकायच्या बी अवस्थेत न्हाई."

पोरगी सलाईनवर सुधारली, येवढं मात्र झालं.

सोमवारी बंगल्यात पाय ठिवायला जागा न्हाई. महाराजाचा आवाज लागलेला. "पापिणीनं चेअरमनसाहेबांच्या पायावर डोकं ठेवावं. सभेतला शब्द माघारी घ्यावा. मग सागर दया करील."

"आधी समुद्राला इचारू," कडूबाई म्हनली. "पायाचं मागून बघू."

पहिलं मोहनरावांनी तांब्यातलं थोडं तीर्थ वतलं. दूध! गजर झाला. बरणी बदलली. महाराजानं टावेलामागून दुसरा तांब्या काढून कडूबाईम्होरं धरला. तिनं तो बघितला बी न्हाई. सरळ मोहनरावांच्या हातातला तांब्या घेतला.

"अगं, तो उष्टा झाला!" महाराज वरडला.

"तीर्थ बी उष्टं होतंय व्हय, बाबा?"

आन् वतलं. पांढरं धुकं उठलं. बरणीभर दूध.

मंग जे झालं ते माझ्या ध्यानीमनी न्हवतं. सुंदरबाई धावत आली आन् कडूबाईच्या पायावर पडली. "चुकलं माय!" तिच्यामागं दुसरी, तिसरी. नेकनूरची बाई तिच्या पदराला डोळे लावाया लागली. महाराज बी लई हुशार, एका क्षणात पलटला.

"पाहिलंत! सागरानं क्षमा केली! आजपासून ही माउली!"

खरं सांगतो, मला वाटलं, मिटलं. पाणी मिळालं, इज्जत मिळाली. आता गप बसावं म्हातारीनं. मोहनराव बी मान डोलवाया लागलते.

कडूबाई दोन पावलं मागं सरली. पाय वडून घेतले.

"उठा. उठा म्हनते ना! सुंदरे, हा हात त्योच हाय. ह्याच हातानं काल शेण काढलं, आज बी काढलं. ह्याला तुमी पापी म्हनलात तवा मी गप बसले न्हाई, आन् देवी म्हनाल तवा गप बसंल व्हय? क्षमा कसली? मागितली कुणी? जयमाला, ये भाईर! तुझी येळ झाली."

आतल्या दारात जयमाला हुबी व्हती. हातात दोन बाटल्या, आन् काखंत आणखी एक.

"सूनबाई, आत व्हा," मोहनराव म्हनले.

"जाते, मामंजी. येवढं दाखवते आन् जाते." ती पुढंच आली. तिनं दोन्ही बाटल्या टेबलावर ठिवल्या आन् एकेकीतलं थोडं थोडं दोन गिलासांत काढलं. "पेटीतली ही फुलं म्हंजे दगड न्हाईत. जिवंत जीव हायत, पोवळं. आपलं घर ती चुन्याचं बांधतेत, आन् चुना पाण्यातनं घेतेत. म्हनून पाण्यात रोज ह्या बाटलीतलं कॅल्शियम घालायचं, आन् पाणी आंबट होऊ नये म्हनून ह्या बाटलीतला सोडा. पण येगयेगळ्या येळी. एकत्र कधीच न्हाई. धुळाजीभाऊ, तुमचा हात पवित्र हाय का?"

"मला काय ठाव?" धुळाजी गडबडला.

"ठाव नसला तरी चालंल. ह्या गिलासातलं त्या गिलासात वता."

धुळाजीनं वतलं. दूध! गिलास हातातून सुटता सुटता राह्यला.

"एकत्र आलं की पाण्यात बारीक खडू तयार होतो. शाळंतल्या फळ्यावरचा असतो तसाच. दूध न्हाई, खडू. बरणीत आधीच कॅल्शियम घातलेलं असतं. एका तांब्यात सोडा, दुसऱ्यात साधं पाणी. कुणाचं पाप काढायचं ते तांब्या देणारा ठरवतो."

"नास्तिकपणा!" महाराज हुबा राह्यला. "कलियुगात सूनच सासऱ्याच्या देवाला—"

"बसा हो," गर्दीतून कुणीतरी म्हनलं. "बघू द्या की."

तिसऱ्या बाटलीत आंबट सिरका व्हता. पेटीच्या मोटारी साफ करायला ती वापरायची. "दूध कसं वळखायचं, हे ह्या गावाला मी काय शिकवू? धुळाजीभाऊ, आंबट घातलं तर दुधाचं काय होतं?"

"फाटतं."

तिनं माझ्या गाडीतल्या कॅनमधलं दूध गिलासात घेऊन सिरका घातला. फाटलं, चोथा-पाणी येगळं. मंग बरणीतला क्षीरसागर दुसऱ्या गिलासात थोडा घेतला आन् सिरका घातला. फसफसला! सोडाबाटली उघडावी तसा. फाटला न्हाई, चोथा न्हाई. पांढरं इरघळत गेलं आन् म्होरं नितळ पाणी.

धुळाजीनं गिलास उजेडात धरला. हुंगला. आन् लई बारीक आवाजात म्हनला, "हे दूध न्हाई."

"इतक्या दिवसांनी कळलं व्हय बे?" मी म्हनलो.

मोहनराव खाली बघत व्हते. जयमाला त्यांच्याकडं वळली. "मेकॅनिकनं पेटी बसवली तवा तुमाला दाखवून दिलतं, मामंजी. म्हनलता, हे एकत्र वतू नका, असं पांढरं होतं. त्यानं धोका दावला, तुमी त्याचा देव केला. पोवळं पार पांढरं पडलंय, चुना मिळंना म्हनून. आन् आत्याची नात सलाईनवर गेली."

तवर महाराज मागल्या दारानं निघाला व्हता. तिथं बायांनी गाठला. मारला न्हाई, नुसता एक प्रश्न इचारला, "आमच्यापैकी कुणाला कुठला तांब्या द्यायचा, ते कोण सांगायचं?" त्यानं बोट केलं. मोहनरावांकडं. तेवढं एक खरं बोलला गडी.

सभा तिथंच भरली. फिल्टर गावासाठी लावायचा, वाया जाणारं पाणी जनावरांच्या हौदात सोडायचं, असा ठराव झाला. चेअरमन बदलायला मातुर पुढची निवडणूक लागली. मुंबैचा मेकॅनिक येऊन मासे आन् पोवळं घेऊन गेला. पाऊस काय लगेच आला न्हाई. लई उशिरा आला, आन् कुणाचं पाप-पुण्य न इचारता समद्यांच्या रानात पडला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तवा टाकीपशी लाईन लागलती. कडूबाई घागर घेऊन आली तशी लाईन फाकली. "या माय, तुमी पहिल्या," सुंदरबाई म्हनली. अजून हात जोडलेलेच व्हते.

"माझा नंबर कुठं हाय?" कडूबाईनं इचारलं.

"तुमाला कसला नंबर?"

"मला नंबर पाहिजे. तोच तुमी काढून घेतलता." आन् ती लाईनच्या शेवटाला जाऊन हुबी राह्यली, उन्हात. तिची पाळी आली, तोटी सोडली, घागर भरली, डोक्यावर घेतली आन् घरी गेली. तोटीला काय झालं न्हाई, पाण्याला काय झालं न्हाई.

मी चौथीपतूर शिकलेलो माणूस, तुमाला काय सांगणार? येवढंच सांगतो. कुणी तुमच्या शेजारणीला पापी म्हनला, तर आधी त्याला इचारा, कशावरनं? देवी म्हनला तरी इचारा. इचारायला पैका लागत न्हाई, मुहूर्त लागत न्हाई. आन् जो इचारल्यावर चिडतो, त्याच्या हातनं पाण्याचा थेंब बी घेऊ नका.