मक्याआडची गाडी

मी पहिल्यापासून संशयी. शाळेची बस चालवणाऱ्या बाईने असावंच. रेल्वेचे रूळ आले की बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा, मग पुढे जायचं, असा आमच्या मिनेसोटात नियम आहे. गावाबाहेरच्या रुळांपाशी मी रोज असा कान देते आणि मागे पोरं कलकलाट करत असतात. कसलं ऐकू येणार, कपाळ!

तिथे फाटक हवं, हे सांगायला गेल्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, बोर्डापुढे उभी राहिले आणि माझी दातखीळ बसली. यंदा सोमवारी पुन्हा सभा होती. म्हणून तर या वयात कॉलेजातल्या भाषणाच्या वर्गाला नाव घातलं. ऐकणाऱ्यांचं मत वळवणारं भाषण करायचं होतं. मी फाटकच घेतलं आणि रिकाम्या बसमध्ये आरशाकडे बघून ते घोटलं.

आमच्या रेनक्विस्टबाईंची पद्धत अशी, की भाषणाआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्यांना मुद्दा पटतो त्यांनी हात वर करायचा. बोलणाऱ्याने पाठ फिरवायची. भाषणानंतर पुन्हा तेच. मोजणार त्या.

"आधी एकही हात नव्हता, मार्डेल," भाषण झाल्यावर बाई म्हणाल्या. "आता एक सोडून सगळे वर."

टाळ्या पडल्या. मीही क्षणभर फुगले. मग डोक्यात किडा वळवळला. पोरांच्या जिवासाठी फाटक हवं, हे आधी एकालाही पटू नये? आणि याच वर्गाने मागच्या आठवड्यात ब्रिन नावाच्या पोरीच्या भाषणानंतर रोज नाकतोडे खायला हात वर केले होते.

मी ब्रिनला जिन्यात गाठलं.

"अगं, ठरलंय आपलं," ती हसत म्हणाली. "आधी कुणी हात वर करायचा नाही, नंतर सगळ्यांनी करायचा. सगळ्यांनाच मार्क. तू बसमुळे उशिरा येतेस, तुला सांगायचं राहिलंच."

"आणि तो एक कोण?"

"स्कॉग आजोबा असणार. त्यांना कोण सांगणार?"

म्हणजे माझं भाषण कसं झालं ते देवालाच ठाऊक, आणि सोमवार तोंडावर आलेला. पण स्कॉगचं नाव ऐकून माझं टाळकंच सटकलं. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी नाही, म्हणून टोलेफ स्कॉग वर्गाला यायचा. रुळांना लागून शेत होतं ते त्याचंच. पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. त्याला त्याच्या ट्रकपाशी गाठलं.

"हात तुम्ही वर केला नाहीत ना?"

"नाही केला."

"शेताजवळ फाटक नको असेल."

"फाटकाचं मला काही नाही. तुझं बोलणं पटलं नाही. धुकं म्हणालीस, बर्फ म्हणालीस, वळण म्हणालीस. गाडी दिसत नाही ती माझ्या मक्यामुळे. तुझ्या बसच्या टपाला लागलाय. मक्याबद्दल ब्रसुद्धा काढला नाहीस."

"तुम्ही समोर बसला होतात. बरं दिसलं नसतं."

आम्ही मिनेसोटावाले असेच. ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही आणि कुणाच्या तोंडावर त्याची चूक काढत नाही.

"मग बोर्डापुढेही बरं दिसेल तेवढंच बोल," म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला. मला सणसणून राग आला.

शनिवारी रुळांवरून गेले तर कोपऱ्यातला मका सपाट. हिरवाच कापून गुरांना घातलेला. लांबपर्यंत रूळ दिसत होते. आधी मला भरून आलं. घरी पोचेपर्यंत मात्र धसका बसला. आता बोर्ड म्हणणार, सगळं तर दिसतंय, फाटक कशाला? आणि पुढच्या वर्षी मका पुन्हा उभा. म्हातारा पोचलेला निघाला.

सोमवारी अध्यक्षांनी तेच म्हटलं. "आज सकाळीच पाहून आलो. रूळ स्वच्छ दिसतात."

स्कॉग मागच्या रांगेत बसला होता.  मी हातातला भाषणाचा कागद खाली ठेवला.

"तिथे टोलेफ स्कॉग यांचा मका होता. शनिवारी त्यांनी तो कापला. त्याच्याआडून येणारी गाडी मला इतकी वर्षं दिसलेली नाही. ते मागेच बसलेत. पुढच्या वर्षी पेरणार का, विचारा त्यांना."

 लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. 

स्कॉग सावकाश उठला. "पेरणार. शेत आहे माझं." त्याने टोपी काढली. "कोपरा कापला तो यंदाच्या पोरांसाठी. दरवर्षी पोरांचा जीव माझ्या मर्जीवर कशाला ठेवता? फाटक घाला. ही आज खरं बोलली."

अध्यक्षांनी फाटक हवं म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. इथे डोळे कुणी मिटले नव्हते. मी मागे वळून पाहिलं. स्कॉगचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.